सिम्युलेटरवर हर्क्युलिस हे मालवाहू विमान विमानवाहू जहाजावर उतरवताना

आधी इंधन कमी करा. लोक टाक्या भरून येतात आणि मग डेक (जहाजावरची धावपट्टी) पुरत नाही म्हणून बोंबलतात. १९६३ मध्ये अमेरिकी नौदलाचे वैमानिक जेम्स फ्लॅटली यांनी ‘फॉरेस्टल’ या अमेरिकी विमानवाहू जहाजावर हेच विमान हुकशिवाय (म्हणजे डेकवरच्या तारेत न अडकवता) २१ वेळा थांबवलं, ८५ हजार पौंड वजनाला २६७ फूट पुरले. जहाज वाऱ्याच्या तोंडावर घ्या, डेकवर ४० नॉटच्या आसपास वारा हवा. नाक आखलेल्या रेषेवरच ठेवा. उजव्या पंखाच्या टोकापासून जहाजाचा मनोरा जेमतेम १५ फुटांवर असतो. मी तर तिकडे बघतच नाही. चाकं टेकायच्या बेतात असताना प्रोपेलर रिव्हर्समध्ये (म्हणजे जोर उलटा), मग दणकून ब्रेक. परत उडायला कॅटपल्ट (विमान ढकलून उडवणारं यंत्र) लागत नाही: ब्रेक दाबून पूर्ण पॉवर द्या आणि ब्रेक सोडा.