बटाट्याला कोंब आणताय? मग या चुका टाळा

दसरा झाला की माझ्या फोनवर बटाट्यांचे फोटो यायला लागतात. वीतभर लांब, पांढरेफटक कोंब आणि खाली प्रश्न, "ताई, छान मोड आलेत ना? उद्या लावू?"

नका लावू. ते कोंब छान नाहीत, उजेडाविना वाढलेले आहेत.

आपल्याकडे ही चूक मटकीमुळे होते. मटकी फडक्यात बांधून अंधारात ठेवली की मोड येतात, म्हणून बटाटाही पोत्यात घालून माळ्यावर टाकायचा. चार वर्षांपूर्वी माझ्या जाऊबाईंनी दोन किलो बेणे, म्हणजे लावायचे बटाटे, असंच ठेवलं होतं. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघी कोथरूडच्या गच्चीवर ते पोतं उघडून बसलो, तर सगळे कोंब एकमेकांत गुंतलेले. कितीही हलक्या हाताने सोडवले तरी काडीसारखे कटकट मोडत होते. तासाभरात पायाशी पांढऱ्या तुकड्यांचा ढीग आणि हातात बोडके बटाटे. मोडलेल्या कोंबाच्या जागी नवे फुटतात, पण उशिरा आणि कमी जोमाने. लागवड डिसेंबरच्या मध्यावर गेली, बटाटे धरायच्या वेळी फेब्रुवारीअखेरचं ऊन सुरू झालं आणि ग्रो बॅगमधून निघाल्या सुपारीएवढ्या गोट्या. बटाटा धरायला रात्रीचा गारवा लागतो, साधारण वीस अंशांच्या खालचा. पुण्यात तो नोव्हेंबर ते जानेवारी मिळतो. तेवढे दिवस हातचे घालवायचे नाहीत.

कोंबाला उजेड हवा, थेट ऊन नको. मी अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे घेते, जास्त डोळे असलेलं टोक वर करून एकेक बटाटा बसवते आणि उत्तरेकडच्या खिडकीत ठेवते. दसऱ्याला मांडायचे, दिवाळीच्या आसपास लावायचे. वीस दिवसांत कोंब एक-दीड सेंटिमीटरचा होतो. हिरवट-जांभळा, आखूड, जाडजूड, आणि बुडाशी बारीक पुरळासारखे उंचवटे. मुळं तिथूनच फुटतात. असा कोंब सहजासहजी मोडत नाही.

"आमच्या बटाट्याला महिना झाला तरी कोंबच नाही" ही दुसरी तक्रार. बटाटा कुठला आणला? सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मंडईत येणारा नवा माल बराचसा खेड, आंबेगाव, सातारा भागातल्या खरिपाचा असतो. अंगठ्याने चोळलं की त्याची साल सुटते. असा बटाटा काढणीनंतर दोन-अडीच महिने झोपलेलाच असतो. शीतगृहातल्या खाण्याच्या बटाट्यावर कोंब रोखणारं औषध मारलेलं असू शकतं. म्हणून बेणेच आणा. मंचरच्या बाजारात पंजाबचं बेणे येतं. कुफरी ज्योती, कुफरी पुखराज अशी जात विचारून घ्या. आणि झोपलेला बटाटा जागा करायला व्हिडिओत दाखवतात ते जिबरेलिक आम्लाचं पाणी घरी वापरू नका. मात्रा जरा चुकली की कोंब लांब आणि लुळे येतात. दहा बटाट्यांसाठी वीस दिवस थांबता येत नसेल, तर मेथी लावावी.

आता कापण्याचं. माझं मत स्पष्ट आहे: घरच्या बागेत कापूच नका. अंड्याएवढा, चाळीस-पन्नास ग्रॅमचा अख्खा बटाटा निवडा. आमच्या सोसायटीतल्या एका हौशी मुलाने ऑक्टोबरच्या सुरुवातीला मोठे बटाटे सकाळी कापले आणि संध्याकाळी लावूनही टाकले. मी म्हटलं, "अरे, दोन दिवस सुकू दे." तो म्हणाला, "काकू, राख लावलीय ना!" त्याच आठवड्यात परतीचा पाऊस झाला. आठव्या दिवशी त्याने मला बोलावलं. मी मातीत बोट घातलं तर ते गिळगिळीत लगद्यात रुतलं, आणि असा वास आला की गच्चीवर उभं राहवेना. बाराही पिशव्यांत तीच गत.

राख लावा, पण ती जखम भरून आणत नाही. कापलेल्या बाजूवर बटाटा स्वतःच नवी साल धरतो आणि त्याला दोन-तीन दिवस लागतात. कापायचाच असेल तर प्रत्येक फोडीला दोन तरी डोळे ठेवा, प्रत्येक बटाट्यानंतर सुरी पुसून घ्या आणि फोडी सावलीत गोणपाटावर सुट्या पसरा. मी बोट फिरवून बघते. ओलं लागलं तर अजून एक दिवस.

बाकीच्या चुका थोडक्यात. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, घाम धरून बटाटा सडतो. फ्रिजमध्ये कोंब येत नाहीत. रात्रभर पाण्यात भिजवण्याचा काहीही उपयोग नाही. एखादा बटाटा मऊ पडला तर लगेच ट्रेमधून काढा. लावताना कोंब वर, अंगावर चार बोटं माती, आणि पालवी दिसेपर्यंत माती नुसती ओलसर ठेवा, रोज पाणी ओतू नका.

आणि ट्रेमध्ये हिरवे झालेले जे बटाटे लावायचे राहतील, ते भाजीत घालू नका. त्यात सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढलेलं असतं, ते शिजवूनही जात नाही. उरलेले सरळ कंपोस्टमध्ये टाका.