क्रिस्टल व्हायोलेटचा रंग उडण्याच्या वेगावर पृष्ठक्रियाकारकांचा परिणाम कसा मोजावा

क्रिस्टल व्हायोलेटच्या जांभळ्या द्रावणात कॉस्टिक सोडा (सोडियम हायड्रॉक्साइड) मिसळला की हायड्रॉक्साइड आयन रंगद्रव्याच्या मधल्या कार्बनला जोडला जातो, तीन वलयांमधून सलग पसरलेली इलेक्ट्रॉनांची साखळी तुटते आणि द्रावण काही मिनिटांत फिके पडते. याच द्रावणात सीटॅब (सेटिल ट्रायमिथाइल अमोनियम ब्रोमाइड) हा धनप्रभारी पृष्ठक्रियाकारक, म्हणजे साबणासारखा पदार्थ, असेल तर रंग कितीतरी लवकर उडतो. त्याऐवजी एसडीएस, म्हणजे सोडियम डोडेसिल सल्फेट हा ऋणप्रभारी पृष्ठक्रियाकारक असेल तर रंग दीर्घकाळ टिकून राहतो. ड्युइनस्टी आणि ग्रुनवाल्ड यांनी 1959 मध्ये हा विरोधाभास अभ्यासून प्रसिद्ध केला. पदवीच्या प्रयोगशाळेतही तो साध्या कलरीमीटरवर, म्हणजे द्रावण किती प्रकाश शोषते हे मोजणाऱ्या उपकरणावर, नीट मोजता येतो, मात्र त्यासाठी काही पथ्ये काटेकोरपणे पाळावी लागतात.

प्रथम द्रावणे तयार करावीत. क्रिस्टल व्हायोलेटचे 40.8 मिलिग्रॅम 100 मिलिलिटर पाण्यात विरघळवून त्यातील काही भाग दहापट विरल केला की 0.0001 मोलर द्रावण मिळते. सोडियम हायड्रॉक्साइड 0.1 मोलर, सीटॅब 0.02 मोलर (100 मिलिलिटरला 0.729 ग्रॅम) आणि एसडीएस 0.05 मोलर (100 मिलिलिटरला 1.442 ग्रॅम) ठेवावे. सीटॅब थंड पाण्यात नीट विरघळत नाही आणि 25 अंश सेल्सिअसच्या खाली त्याचे स्फटिक पुन्हा बाहेर पडू लागतात. म्हणून संपूर्ण प्रयोग 30 अंशांच्या जलकुंडात करावा, असे मी आग्रहाने सुचवेन. सोडियम हायड्रॉक्साइड संपले म्हणून पोटॅशियम हायड्रॉक्साइड कधीही वापरू नये, कारण डोडेसिल सल्फेटचा पोटॅशियम क्षार पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि एसडीएसची संपूर्ण मालिका पांढऱ्या साक्यामुळे वाया जाते. नळाचे पाणीही याच कारणाने वर्ज्य समजावे, कारण त्यातील कॅल्शियमसुद्धा एसडीएसचा साका पाडतो.

प्रत्येक मिश्रण एकूण 10 मिलिलिटरचे असावे. त्यात रंगद्रव्य 1 मिलिलिटर, पृष्ठक्रियाकारक हवा तितका आणि उरलेले ऊर्ध्वपातित पाणी घ्यावे. हे सारे 30 अंशांवर स्थिरावले की शेवटी 1 मिलिलिटर सोडियम हायड्रॉक्साइड घालून त्याच क्षणी घड्याळ सुरू करावे. अंतिम मिश्रणात अल्कली रंगद्रव्याच्या हजारपट असते, त्यामुळे तिची संहती प्रयोगभर जवळजवळ बदलत नाही आणि अभिक्रिया प्रथम कोटीची असल्यासारखी वागते, म्हणजे तिचा वेग केवळ उरलेल्या रंगद्रव्याच्या प्रमाणात राहतो. मिश्रण ढवळताना फेस होऊ देऊ नये, कारण प्रकाशाच्या वाटेत आलेला एखादा बुडबुडाही वाचन वाढवतो. वाचने 590 नॅनोमीटरवर किंवा त्याच्या जवळच्या फिल्टरवर घ्यावीत. रंगद्रव्य वगळून बाकी सर्व असलेल्या द्रावणावर शून्य लावावे आणि वाचनाच्या नैसर्गिक लॉगरिथमचा काळाशी आलेख काढावा. सरळ रेषेचा ऋण उतार म्हणजे निरीक्षित वेग स्थिरांक होय.

सर्वाधिक चुका पृष्ठक्रियाकारकाच्या संहती निवडताना होतात. सीटॅबचे मिसेल, म्हणजे त्याच्या रेणूंचे सूक्ष्म पुंजके, सुमारे 0.9 मिलिमोलरला बनू लागतात, एसडीएसचे सुमारे 8 मिलिमोलरला. म्हणून सीटॅबसाठी 0.2 ते 10 आणि एसडीएससाठी 1 ते 20 मिलिमोलर अशी मालिका घ्यावी, म्हणजे मिसेल बनण्याच्या मर्यादेच्या दोन्ही बाजू दिसतात. अल्कलीतील आयनांमुळे ही मर्यादा थोडी खाली सरकते, त्यामुळे आलेखातील वळण पुस्तकातील आकड्याच्या आधी दिसले तर ती प्रयोगातील चूक समजू नये. एसडीएस मर्यादेखाली असतानाही रंगद्रव्याशी विरुद्ध प्रभारामुळे बांधला जातो आणि वर्णपट बदलतो. म्हणून वेगवेगळ्या मिश्रणांची मूळ वाचने एकमेकांशी ताडून पाहू नयेत, प्रत्येक मिश्रणाचा केवळ स्वतःचा उतार घ्यावा.

आता कारणाकडे वळू. रंगद्रव्य धनप्रभारी आणि सीटॅबचा मिसेलही धनप्रभारी, तरी रंगद्रव्य त्यात शिरते, कारण त्याच्या मोठ्या वलयांना पाण्यापेक्षा मिसेलचा तेलकट भाग अधिक मानवतो आणि हे आकर्षण प्रभारांच्या प्रतिकर्षणावर मात करते. त्याच मिसेलचा धनप्रभारी पृष्ठभाग हायड्रॉक्साइड आयनांना आपल्याभोवती गोळा करतो. अशा रीतीने दोन्ही अभिकारक एका लहानशा जागेत एकवटतात. त्यात भर म्हणजे अभिक्रिया घडताना रंगद्रव्याचा धन प्रभार कमी होत जातो, आणि धनप्रभारी मिसेलला ही मधली संक्रमण अवस्था मूळ रंगद्रव्यापेक्षा अनुकूल ठरते. एसडीएसमध्ये रंगद्रव्य आणखी घट्ट धरले जाते, पण ऋण पृष्ठभाग हायड्रॉक्साइडला दूर लोटतो, त्यामुळे रंगद्रव्याला जणू संरक्षण मिळते. म्हणूनच ‘साबणामुळे वेग वाढतो’ किंवा ‘साबणामुळे वेग घटतो’ असे सरसकट विधान मला चुकीचे वाटते. निर्णायक असतो तो मिसेलच्या पृष्ठभागावरचा प्रभार.

सीटॅब वाढवत गेल्यास वेग एका शिखरापर्यंत चढून पुन्हा उतरू लागतो. रंगद्रव्य पूर्णपणे मिसेलमध्ये गेल्यानंतर नवे मिसेल केवळ हायड्रॉक्साइड आपापसांत वाटून घेतात, शिवाय सीटॅबसोबत आलेले ब्रोमाइड आयन पृष्ठभागावरील जागांसाठी हायड्रॉक्साइडशी स्पर्धा करतात. हे पडताळण्यासाठी शिखराजवळच्या मिश्रणात सोडियम ब्रोमाइड थोडे थोडे वाढवून उतार पुन्हा मोजावा. ब्रोमाइड वाढेल तसा वेग उतरत गेला, तर स्पर्धेचे स्पष्टीकरण आपल्याच आकड्यांनी टिकते.