अपडेटनंतर एलव्हीएम स्नॅपशॉट बिघडला? या चुका टाळा

कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा शिवाजी उद्यमनगरातील एखाद्या कारखान्यात कास्टिंगची ड्रॉइंग्ज आणि हिशेबाचा डेटा एकाच लिनक्स सर्व्हरवर ठेवलेला असतो, आणि साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी त्यावर अपडेट चालवण्यापूर्वी एलव्हीएमचा (डिस्कची जागा व्हॉल्यूम नावाच्या भागांत वाटणाऱ्या लिनक्सच्या व्यवस्थेचा) स्नॅपशॉट, म्हणजे व्हॉल्यूमची त्या क्षणाची स्थिती जपणारी नोंद, घेतला जातो. ही सवय चांगलीच आहे. मात्र दुसऱ्या दिवशी तो स्नॅपशॉट उघडला नाही की तो मोडला असे समजून काढून टाकला जातो. प्रत्यक्षात असा स्नॅपशॉट भरून गेलेला असू शकतो, सक्रिय झालेला नसू शकतो किंवा लिनक्सच्या नव्या आवृत्तीला ती डिस्कच दिसत नसू शकते, आणि या तिन्हींपैकी फक्त पहिल्या प्रकारात त्यातील डेटा खरोखर गेलेला असतो. म्हणून निदान होईपर्यंत व्हॉल्यूम काढून टाकणारी एलव्हीरिमूव्ह ही कमांड चालवू नये.

निदानाची सुरुवात व्हॉल्यूमची यादी दाखवणाऱ्या एलव्हीएस या कमांडने करावी. तिच्या उत्तरातील गुणधर्मांच्या रकान्यात पाचव्या जागी कॅपिटल आय हे अक्षर दिसले, तर स्नॅपशॉट अवैध ठरला आहे आणि त्याचा आकार वाढवूनही तो परत येणार नाही. मूळ व्हॉल्यूमला मात्र यामुळे धक्का लागत नाही. स्नॅपशॉट घेताना मूळ व्हॉल्यूमची पूर्ण प्रत काढली जात नाही. मूळ ब्लॉकवर पहिल्यांदा नवे काही लिहिले जाते, तेव्हा त्याचा जुना मजकूर स्नॅपशॉटच्या राखीव जागेत हलवला जातो. अपडेट म्हणजे तर लिहिण्याचाच धडाका असतो: नवी पॅकेजेस, नवा कर्नल (लिनक्सचा गाभा), लॉग आणि त्याच व्हॉल्यूमवर डेटाबेस असेल तर त्याच्या फाइल्सही. एरवी आठवडाभर पुरणारी जागा त्यामुळे एका दुपारी संपू शकते. डेटा टक्केवारीचा रकाना ८० च्या पुढे गेलेला दिसला, तर शंभर होण्याची वाट न पाहता एलव्हीएक्स्टेंडने जागा वाढवावी.

येथे सर्वाधिक आढळणारी चूक म्हणजे ही वाढ आपोआप होईल असे गृहीत धरणे. एलव्हीएमच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये स्वयंवाढीची मर्यादा मुळात १०० असते, आणि १०० याचा अर्थ ही सोय बंद आहे, असा होतो. ती ७० केली आणि वाढीचे प्रमाण २० टक्के ठेवले, तर १ जीबीचा स्नॅपशॉट सुमारे ७०० एमबी भरताच १.२ जीबीचा होतो. पण त्यासाठी निरीक्षण करणारी डीएमइव्हेंटडी ही सेवा चालू असावी लागते आणि व्हॉल्यूम ग्रुपमध्ये, म्हणजे ज्या एकत्रित डिस्क-जागेतून व्हॉल्यूम तयार होतात तिच्यात, मोकळी जागाही लागते. सर्व्हर बसवतानाच सगळी डिस्क वाटून टाकणाऱ्यांची पंचाईत होते ती इथेच.

थिन प्रकारच्या, म्हणजे वेगळी जागा राखून न ठेवता सामाईक पूलमधून गरजेप्रमाणे जागा घेणाऱ्या, स्नॅपशॉटची गोष्ट वेगळी आहे. गुणधर्मांच्या रकान्यात दहाव्या जागी के हे अक्षर असेल, तर रीबूटनंतर तो स्नॅपशॉट सक्रिय होत नाही. तो बिघाड नसून तशीच रचना आहे. एलव्हीचेंजला सक्रिय करण्याच्या पर्यायासोबत कॅपिटल के हा पर्याय दिला की तो उघडतो. संपूर्ण थिन पूलच सक्रिय होत नसेल, तर थिन प्रोव्हिजनिंग टूल्स हे पॅकेज जागेवर आहे का, ते पाहावे. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ८ वरून ९ वर गेल्यानंतर व्हॉल्यूम ग्रुपच दिसेनासा झाला, तर डिव्हाइसेस फाइलमध्ये त्या डिस्कची नोंद आहे का, हे तपासावे, कारण ९ व्या आवृत्तीत ही फाइल मुळातच वापरात असते आणि तिच्यात नसलेल्या डिस्कची एलव्हीएम दखल घेत नाही. ती नोंद एलव्हीएमडिव्हाइसेस या कमांडने करता येते. अशा वेळी व्हीजीसीएफजीरिस्टोअर चालवण्याचा मोह आवरावा: ती कमांड व्हॉल्यूमची रचना जुन्या नोंदीनुसार मांडते, आतील डेटा परत आणत नाही, आणि थिन पूलवर ती सक्तीने चालवणे म्हणजे आगीतून फुफाट्यात जाणे होय.

एक्सएफएस फाइल सिस्टिमचा स्नॅपशॉट माउंट होत नसेल, म्हणजे वापरासाठी जोडला जात नसेल, तर त्याचा ओळख क्रमांक मूळ व्हॉल्यूमसारखाच असल्यामुळे कर्नल नकार देतो. नोयूयूआयडी हा पर्याय दिल्यावर अडचण संपते.

अपडेटपूर्वीच्या स्थितीकडे मागे फिरण्याचा निर्णय झालाच, तर एलव्हीकन्व्हर्टला मर्जचा (स्नॅपशॉट मूळ व्हॉल्यूममध्ये विलीन करण्याचा) पर्याय देण्यापूर्वी बूट विभाग, म्हणजे कर्नल ठेवलेला भाग, कुठे आहे, हे पाहावे. तो एलव्हीएमच्या बाहेर असेल, तर मर्जनंतर रूट (ऑपरेटिंग सिस्टिम असलेला) व्हॉल्यूम जुना होतो, पण कर्नल नवाच राहतो आणि त्याची मॉड्यूल्स (सुटे भाग) जुन्या रूटवर नसतात; मशीन सुरू होते, पण नेटवर्क कार्ड ओळखत नाही किंवा बूट अर्ध्यावर थांबते. मशीन सुरू होताना दिसणाऱ्या ग्रबच्या मेन्यूतून आधीचा कर्नल निवडावा, आणि शक्यतो अपडेटपूर्वीच बूट विभागाची वेगळी प्रत काढून ठेवावी. रूट वापरात असल्यामुळे मर्ज लगेच सुरू होत नाही, ते पुढच्या रीबूटला होते. मर्ज पूर्ण झाल्यावर स्नॅपशॉट यादीतून आपोआप नाहीसा होतो, ही गोष्ट माहीत नसल्याने अनेकांना उगाच घाम फुटतो.

याच्या उलट, नवा कर्नल रूटवरच पोहोचत नसेल आणि रूटचा स्नॅपशॉट अजून अस्तित्वात असेल, तर नव्या इनिटरॅमएफएसमध्ये (बूटच्या सुरुवातीला रूट शोधून देणाऱ्या छोट्या प्रतिमेत) डीएम-स्नॅपशॉट हे मॉड्यूल आले आहे का, ते जुन्या कर्नलमधून बूट करून तपासावे, नसल्यास समाविष्ट करावे आणि ती प्रतिमा पुन्हा तयार करावी.

स्नॅपशॉट मूळ डेटाच्याच व्हॉल्यूम ग्रुपमध्ये राहतो, त्यामुळे त्याला बॅकअप मानू नये. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कोल्हापुरातील तळमजल्यांत पाणी शिरले होते. तशा प्रसंगी मूळ व्हॉल्यूम आणि स्नॅपशॉट एकाच वेळी जातात. अपडेट नीट चालले आहे याची खात्री पटली, की पारंपरिक (थिन नसलेला) स्नॅपशॉट काढून टाकावा, कारण तो असेपर्यंत मूळ व्हॉल्यूमवर लिहिण्याचे काम मंदावते आणि त्याची जागा भरत राहते.