जुन्या ॲनिमेशनच्या डिस्क घेताय? आधी हे बघा

आधी रीजन बघा बाबांनो (म्हणजे डिस्क कुठल्या देशांतल्या प्लेयरवर चालेल त्याचा कोड), कव्हर नंतर. डीव्हीडीत भारत रीजन ५, अमेरिका १, जपान आणि युरोप २. ब्लू-रेत मात्र जपान-अमेरिका दोघेही ए, युरोप बी आणि आपण सी, म्हणजे अमेरिकेतल्या मामेभावाकडून डिस्क मागवली आणि घरचा प्लेयर साधा असेल तर स्क्रीनवर नुसता मेसेज येतो, माझं झालंय असं, तीन महिने डिस्क शोकेसमध्ये पडून होती. फोरके डिस्कला ही कटकट नसते, पण सोबतच्या ब्लू-रेला असू शकते. आणि पीसीच्या ड्राइव्हवर रीजन पाचदाच बदलता येतो, मग लॉक, उगाच खेळत बसू नका.

दुसरं म्हणजे पाल, युरोपची जुनी टीव्ही पद्धत. युरोपच्या जुन्या डीव्हीडीत सेकंदाला २४ फ्रेमचा पिक्चर २५ने पळवलेला असतो, त्यामुळे १९८८चा 'अकिरा' १२४ मिनिटांऐवजी ११९ मिनिटांत संपतो आणि आवाजही जरा चिरका येतो. मागच्या बाजूचा रनिंग टाइम वाचला की लगेच कळतं.

रिमास्टर, म्हणजे जुनी फिल्म साफ करून नव्याने काढलेली प्रत, असं लिहिलंय म्हणून भाळू नका. हाताने रंगवलेल्या सेलवर (पारदर्शक शीटवरच्या चित्रांवर) फिल्मचा जो बारीक रवा दिसतो तो कधीकधी साफ पुसून टाकतात, त्यात पेन्सिलच्या रेषाही जातात, चेहरे मेणासारखे गुळगुळीत. त्यापेक्षा रवाळ बरा, मला तरी.

सेकंडहँड डिस्क असेल तर उजेडासमोर तिरकी धरून बघा, टाचणीएवढी भोकं दिसली तर परत द्या.