दूरशिक्षणातील श्रेयांक-मर्यादा: ठरवताना या चुका टाळा

एका सत्रात विद्यार्थ्याला जास्तीत जास्त किती श्रेयांकांची (क्रेडिट, म्हणजे अभ्यासाचे तास मोजण्याचे एकक) नोंदणी करता येईल, हे सांगणारे कलम नियमावलीत जेमतेम दोन ओळींचे असते आणि विद्वत् परिषदेच्या बैठकीत ते बहुधा चर्चेविनाच संमत होते. त्याचे परिणाम पुढे सादरच न झालेल्या गृहपाठांत, परीक्षागृहातील रिकाम्या आसनांत आणि सत्र संपत आल्यावर नोंदणी कक्षात जमणाऱ्या ‘विषय कमी करून मिळावा’ अशा अर्जांच्या गठ्ठ्यात दिसू लागतात. या लेखात ‘शिक्षणक्रम’ म्हणजे पूर्ण पदवी किंवा पदविका आणि ‘अभ्यासक्रम’ म्हणजे त्यातील एकेक विषय, असा अर्थ घेतला आहे.

श्रेयांकाचे तास न पाहता आकडा उचलणे

सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक हीच आहे, म्हणून तिच्यावर थोडे थांबू. श्रेयांक हे एकक जगभर एकच आहे असे गृहीत धरले जाते आणि दुसऱ्या विद्यापीठाची मर्यादा जशीच्या तशी आपल्या नियमात येऊन बसते. प्रत्यक्षात ब्रिटनमधील पद्धतीत एक श्रेयांक म्हणजे सुमारे १० तासांचे अध्ययन आणि पूर्णवेळ वर्ष १२० श्रेयांकांचे असते. युरोपीय श्रेयांक हस्तांतरण पद्धतीत एका श्रेयांकाला २५ ते ३० तास आणि वर्षाला ६० श्रेयांक धरले जातात. भारतातील राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात वर्षाचे १,२०० तास आणि ४० श्रेयांक, म्हणजे एका श्रेयांकाला ३० तास बसतात. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठही एक श्रेयांक ३० तासांचाच मानते. अमेरिकी पद्धतीत सुमारे १५ आठवड्यांच्या सत्रात दर आठवड्याला वर्गातील एक तास आणि वर्गाबाहेरचे दोन तास धरले जातात, तेव्हा हिशेब ४५ तासांच्या आसपास जातो. ‘२० श्रेयांक’ हे शब्द तेच राहतात, पण त्यामागे एका ठिकाणी २०० तास असतात, दुसऱ्या ठिकाणी ६०० आणि तिसऱ्या ठिकाणी ९००. म्हणून मर्यादेच्या कलमात आकड्याच्या शेजारी एका श्रेयांकाचे तास लिहिलेच पाहिजेत. श्रेयांक हस्तांतरित करून आलेल्या विद्यार्थ्याची प्रकरणे निकाली काढतानाही हीच ओळ उपयोगी पडते.

नियमित महाविद्यालयाचा आकडा उचलण्यात आणखी एक फसगत आहे. तेथील विद्यार्थ्याचे तास वेळापत्रकच ठरवून देते. दूरशिक्षणातल्या विद्यार्थ्याला तेच तास नोकरी, घर आणि प्रवास यांतून काढावे लागतात. समजा, सत्र २० आठवड्यांचे आहे. पाठ्यपुस्तके हाती पडून संकेतस्थळावरचे प्रवेशखाते सुरू होईपर्यंत दोन आठवडे जातात, शेवटचे तीन आठवडे परीक्षेचे असतात, आणि अध्ययनासाठी १५ आठवडे उरतात. पूर्णवेळ नोकरी करणाऱ्याने आठवड्याला १२ तास काढले, तर त्याच्या हाती एकूण १८० तास येतात, म्हणजे ३० तासांच्या हिशेबाने ६ श्रेयांक. याच विद्यार्थ्याच्या नावावर २० श्रेयांक पडले, तर त्याला आठवड्याला ४० तास अभ्यास करावा लागेल, म्हणजे दुसरी नोकरीच.

यावरून सर्वांची मर्यादा ६ श्रेयांकांवर आणावी असा निष्कर्ष कोणी काढू नये. दूरशिक्षणात पूर्ण वेळ अभ्यास करू शकणारेही असतात आणि त्यांची वाट अडवण्याचे कारण नाही. मर्यादा आणि शिफारस या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या की हा पेच सुटतो. कमाल मर्यादा २० राहू द्यावी, पण नोंदणीच्या अर्जात ‘आठवड्याला अभ्यासासाठी किती तास देऊ शकाल?’ हा प्रश्न आधी विचारून त्यानुसार श्रेयांक सुचवावेत. अनेक अर्जांत सत्रातील सर्व अभ्यासक्रमांपुढे आधीच खूण केलेली असते आणि नको असलेल्यापुढची खूण विद्यार्थ्याने काढायची असते. ती कोणी काढत नाही. नियम कितीही विचारपूर्वक केला, तरी खरी मर्यादा मग अर्जावरच्या त्या चौकटी ठरवतात.

मागे राहिलेले विषय हिशेबाबाहेर ठेवणे

तिसऱ्या सत्राच्या विद्यार्थ्याने १६ श्रेयांकांची नवी नोंदणी केली आहे, मर्यादा २० आहे आणि संगणक समाधानी आहे. पण त्याच्याकडे पहिल्या सत्रातला ४ श्रेयांकांचा एक अनुत्तीर्ण अभ्यासक्रम आणि दुसऱ्या सत्रातले प्रत्येकी ४ श्रेयांकांचे दोन अभ्यासक्रम शिल्लक आहेत, आणि तिन्हींच्या परीक्षा याच हंगामात आहेत. त्याच्या डोक्यावरचा भार २८ श्रेयांकांचा आहे. जुन्या विषयांचा पूर्ण भार धरणे मात्र मला अन्यायाचे वाटते, कारण ज्याचे गृहपाठ झालेले आहेत आणि केवळ लेखी परीक्षा राहिली आहे, त्याला पहिल्याइतके तास लागत नाहीत. अशा अभ्यासक्रमाचे निम्मे श्रेयांक आणि गृहपाठही बाकी असतील तर पूर्ण श्रेयांक मर्यादेत धरावेत, असा सोपा नियम पुरेसा होतो. एकाच वेळी दोन शिक्षणक्रम करणाऱ्यांचेही असेच आहे. भारतात २०२२ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने एकाच वेळी दोन पदव्या घेण्यास मुभा दिली आहे. दोन्ही एकाच विद्यापीठात असतील, तर दोन नोंदणी क्रमांकांमागचा विद्यार्थी एकच आहे हे प्रणालीला कळायला हवे.

आकडा अभ्यासक्रमांच्या मापात न बसणे

सर्व अभ्यासक्रम ४ श्रेयांकांचे असतील आणि मर्यादा १८ असेल, तर खरी मर्यादा १६ आहे. लेखी अभ्यासक्रम ४ श्रेयांकांचा, त्याला जोडलेले प्रात्यक्षिक २ श्रेयांकांचे आणि दोन्ही एकाच सत्रात घेण्याची सक्ती असेल, तर १६ श्रेयांक भरलेल्या विद्यार्थ्याला लेखी भाग घेता येत नाही आणि त्याच्याविना प्रात्यक्षिकही मिळत नाही. ‘मर्यादा ओलांडली आहे’ एवढाच संदेश त्याला पडद्यावर दिसतो. अशा तक्रारी एकाच शिक्षणक्रमातून वारंवार येत असतील, तर विद्यार्थ्याला सूचना वाचायला सांगण्याआधी त्या शिक्षणक्रमाच्या जोड्या तपासाव्यात.

कमाल कालावधीशी मेळ न घालणे

मर्यादा जास्त ठेवण्यात जसा धोका आहे, तसा कमी ठेवण्यातही आहे. १२० श्रेयांकांची पदवी सहा वर्षांत, म्हणजे १२ सत्रांत, पूर्ण करण्याची अट आहे आणि सत्राची मर्यादा ८ ठेवली आहे, असे धरा. एकही विषय न राहता सर्व उत्तीर्ण झालेल्याचेही जास्तीत जास्त ९६ श्रेयांक होतात, म्हणजे नियमांनीच पदवी अशक्य करून ठेवलेली असते. हा गुणाकार करायला एक मिनिट लागते, पण कालावधीचे कलम एका अध्यादेशात आणि मर्यादेचे दुसऱ्यात असल्याने दोन्ही एकत्र वाचण्याची वेळ येत नाही. शिष्यवृत्ती किंवा शैक्षणिक कर्जाचाही येथे विचार करावा. अमेरिकेतील संघराज्याच्या विद्यार्थी-साहाय्यात पदवीपूर्व विद्यार्थी पूर्णवेळ ठरण्यासाठी सत्राला सर्वसाधारणपणे किमान १२ आणि अर्धवेळ ठरण्यासाठी ६ श्रेयांक लागतात. भार हलका करण्याचा सल्ला देताना त्याचे साहाय्य तर बंद होणार नाही ना, हे समुपदेशकाने आधी पाहावे.

अपवादाची वाट उशिरा उघडणे

अपवाद द्यावे लागतातच. शेवटच्या सत्रातील विद्यार्थ्याची पदवी केवळ ४ श्रेयांकांसाठी अडवणे कोणालाच रुचत नाही. घोळ होतो तो तारखांचा. जादा श्रेयांकांचा अर्ज अभ्यासकेंद्राकडून विद्याशाखेकडे आणि तेथून कुलसचिव कार्यालयाकडे जातो, आणि मंजुरी येते तेव्हा नोंदणीची मुदत संपलेली असते. ४ श्रेयांकांपर्यंतचा अपवाद शिक्षणक्रम समन्वयकाच्या पातळीवरच आणि नोंदणी बंद होण्यापूर्वी किमान दहा दिवस आधी निकालात निघेल, अशी तरतूद करावी. पहिल्या सत्रात मात्र अपवाद देऊ नये, कारण त्या वेळी विद्यार्थ्याची गती ना त्याला ठाऊक असते, ना आपल्याला.

निकालाचे आकडे सरळ वाचणे

मर्यादा लागू होऊन दोन-तीन सत्रे झाली की कमी भार घेणारेच जास्त प्रमाणात गळाले, असे चित्र दिसू शकते आणि मर्यादा वाढवण्याचा प्रस्ताव पुढे येतो. कमी भार घेणारे बहुधा आधीच सर्वांत कमी वेळ हाती असलेले असतात, हे त्यात निसटते. तुलना करायचीच, तर नोंदणीच्या वेळी सारखेच तास सांगितलेल्या विद्यार्थ्यांमध्ये करावी, आणि उत्तीर्णांच्या टक्केवारीआधी पहिला गृहपाठ मुदतीत किती जणांनी दिला हे पाहावे, कारण भार झेपत नसल्याची पहिली खूण तेथे उमटते. पाच अभ्यासक्रमांचे दहा गृहपाठ एकाच तारखेला मागितले असतील, तर मर्यादा योग्य असूनही हा आकडा घसरतो. तेव्हा कलमाला हात न लावता तारखा विभागून द्याव्यात.

मर्यादा बदलायचीच ठरली, तर नवा आकडा पुढच्या प्रवेशापासून लागू करावा आणि जुन्या तुकड्यांना त्यांच्या प्रवेशाच्या वेळची मर्यादा की नवी, यांपैकी एक निवडण्याची संधी एकदाच, लेखी द्यावी.