तीस बाय चाळीसच्या प्लॉटवर घर: आधी उभा छेद, मग प्लॅन

बेळगावात घर बांधायचं ठरलं की आधी मोबाइलवर एलिव्हेशनचा, म्हणजे घराच्या दर्शनी बाजूचा फोटो येतो: चौकोनी ठोकळे, करडा रंग, छज्ज्याचा पत्ता नाही. कमी पावसाच्या अथणीकडे असं घर एकवेळ चालेल. खानापूर-कणकुंबीच्या पावसात खिडक्यांखाली ओल धरणारच. म्हणून आलेख कागदावर १ इंचाला ४ फूट धरून आधी घराचा उभा छेद काढा, म्हणजे घर वरून खाली कापलं तर दिसेल तसं चित्र. भिंत, खिडकी, छज्जा आणि छपराचा उतार त्यातच ठरतो.

उन्हाचा हिशेब सोपा आहे. बेळगाव १५.८५° उत्तर अक्षांशावर आहे. २२ डिसेंबरला मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेला ५१° उंचीवर असतो, २१ मार्चला ७४° वर. (आपल्याकडची मध्यान्ह घड्याळात साडेबाराच्या सुमारास.) छज्जा जितका बाहेर, त्याच्या १.२ पट सावली डिसेंबरात भिंतीवर उतरते, मार्चात ३.५ पट. म्हणजे दक्षिणेची ४ फूट उंच खिडकी २ फुटी छज्ज्यानं मार्चात पूर्ण झाकते आणि थंडीत खालच्या दीड फुटातून ऊन आत येतं. पश्चिमेला हे गणित चालत नाही. मार्चात साडेचारच्या सुमारास सूर्य ३०° वर आलेला असतो. तेवढीच खिडकी झाकायला ७ फुटी छज्जा लागेल. तो छज्जा नव्हे, ती पडवीच. मग पडवीच घाला, नाहीतर जिना आणि बाथरूम त्या अंगाला न्या. पावसाची झडही तिकडूनच येते.

छज्ज्याची मुख्य सळई वरच्या अंगाला हवी, कारण टांगलेल्या स्लॅबला ताण वर येतो. काँक्रीट ओतताना माणसं तिच्यावर पाय देतात, सळई खाली दबते आणि पुढे भिंतीलगत चीर पडते. सळईखाली खुर्च्या (तिला वर उचलून धरणारे वाकवलेल्या सळईचे टेकू) लावा, ओतताना स्वतः उभे राहा. वरून १ इंच उतार बाहेर द्या. खालच्या बाजूला कडेपासून दीड इंचावर अर्ध्या इंचाची खाच ठेवा, म्हणजे पाणी भिंतीकडे न ओघळता तिथंच ठिबकेल.

कौलारू छप्पर करणार असाल तर ३०° पेक्षा कमी उतार नको. त्याखाली वाऱ्यानं पाणी कौलांच्या सांध्यातून उलटं आत शिरतं. घर २० बाय ३० चं धरलं, तर आढं (छपराचा सर्वात उंच कणा) भिंतीच्या माथ्यापासून ५ फूट ९ इंच वर येतं. वळचण (भिंतीबाहेर येणारं छप्पर) अडीच फूट ठेवली की प्रत्येक पाखं, म्हणजे छपराची एक उतरती बाजू, उतारावर साधारण साडेचौदा फूट होतं. दोन्ही टोकांना २ फूट बाहेर काढून एकूण ९८० चौरस फूट. चौरस मीटरला साधारण १५ कौलं लागतात. फुटतूट धरून १,४५० मागवा. रिपांचं (कौलं ज्यांवर टेकतात त्या आडव्या लाकडी पट्ट्यांचं) अंतर पुस्तकातून घेऊ नका. आणलेल्यातली दहा कौलं जमिनीवर एकात एक अडकवा, मापा, तेच अंतर धरा.

भिंतीला जांभ्याचा चिरा घ्यायचा तर तपासून घ्या. उन्हात पूर्ण सुकलेला चिरा वजन करा, २४ तास पाण्यात बुडवा, पुसून पुन्हा वजन करा. भारतीय मानकाप्रमाणे वाढ १२ टक्क्यांच्या आत हवी: २० किलोचा चिरा २२.४ च्या वर गेला तर ती गाडी परत पाठवा. खाणीतून काढल्या काढल्या चिरा मऊ असतो, हवेवर कडक होतो. ओला माल घाईनं लावला की कडा ढासळतात. काळ्या मातीच्या पट्ट्यात मात्र गाडीभाडं जोडून बघा, वीट स्वस्त पडू शकते.

लाइन-आउटला, म्हणजे जमिनीवर दोरीनं घराची आखणी करताना, गुण्यावर (गवंड्याच्या काटकोनी पट्टीवर) विसंबू नका. प्लॉट काटकोनी असेल तर कर्ण बरोबर ५० फूट येतो. घराचे दोन्ही कर्ण ३६ फूट पाऊण इंच यायला हवेत. अर्ध्या इंचापेक्षा जास्त फरक निघाला तर दोरी सोडून पुन्हा बांधा, नाहीतर कौलांची ओळ तिरकी पळते आणि शेवटच्या रांगेतलं प्रत्येक कौल कापावं लागतं.