डिबेट कोण जिंकलं ठरवायचंय? अगोदर एक कागद घ्या

डिसेंबर आला की आमच्या बेळगावात सुवर्णसौधला कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं आणि इकडं टीव्हीवर सीमाप्रश्नाचं डिबेट चालू होतं, एका चॅनेलवर मराठीत, रिमोट दाबला की दुसऱ्यावर कन्नडमध्ये, आणि दोन्हीकडं आपापलाच माणूस जिंकतो. 2022 ला तर लईच झालं, 22 डिसेंबरला कर्नाटकानं ठराव केला, 27 ला महाराष्ट्रानं, आणि मधल्या दिवसांत आमच्या ग्रुपवर काय काय फिरत होतं विचारूच नका.

तेव्हा मी आणि माझा शहापूरचा दोस्त एकच डिबेट शेजारी बसून बघत होतो. तो घरात कन्नड बोलतो, खरं मराठी माझ्यापेक्षा फाडफाड. संपल्यावर मी म्हटलं, तुमच्या माणसानं आमच्याला बोलूच दिलं नाही. तो म्हणाला, "काय मारायलायस रे, तुमचाच सारखा मधे तोंड घालत होता की!" एकच टीव्ही, एकच सोफा, चहा पण एकाच किटलीतला.

पुढच्या वेळी दोघांनी कागद घेतले. कोण किती वेळा मधे बोलतंय त्याच्या रेघा ओढायच्या, एकमेकाचा कागद बघायचा नाही. माझ्या कागदावर आमच्या माणसाच्या तीन आणि त्यांच्याच्या नऊ रेघा, त्याच्या कागदावर जवळजवळ उलटं! मग रेकॉर्डिंग परत लावलं आणि प्रत्येक ठिकाणी थांबवून मोजलं तर दोघंही तोंडावर पडलो.

हे फक्त आपल्या भागातलं खूळ नाही. अमेरिकेत 1951 मध्ये प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन कॉलेजांची फुटबॉल मॅच लई मारामारीची झाली, नंतर तिची फिल्म दोन्हीकडच्या पोरांना दाखवून फाऊल मोजायला लावले. डार्टमथच्या टीमचे जेवढे फाऊल त्यांच्या स्वतःच्या पोरांना दिसले, त्याच्या दुपटीहून जास्त प्रिन्स्टनच्या पोरांना दिसले. आता कुणी मुद्दाम खोटं लिहिलं असं नाही हो, दिसलंच तसं.

तर करायचं काय. डिबेट सुरू व्हायच्या अगोदर कागदाच्या वर लिहा, मी कुणाच्या बाजूचा. लाजायचं नाही, मी सरळ "मराठी, सीमाभाग महाराष्ट्रात गेला पाहिजे" असं लिहितो. खाली दोघांचे रकाने पाडा आणि मोजता येतील अशाच गोष्टी मोजा: मधे कितीदा बोलला, विचारलेल्या प्रश्नाला उत्तर दिलं की विषय फिरवला, कागद किंवा आकडा दाखवला की नुसता आवाज चढवला. "छान बोलला", "धुतला" हे रकाने नकोत, तिथंच आपण मार्क चोरतो.

आता सगळ्यात कामाचं. "मी आज निष्पक्ष बघणार" असं ठरवून काही होत नाही. 1984 मध्ये लॉर्ड, लेपर आणि प्रेस्टन या मानसशास्त्रज्ञांनी फाशीच्या शिक्षेवरचे अभ्यास लोकांना वाचायला दिले, काहींना सांगितलं की निष्पक्ष राहा, त्यांच्यात फरक पडला नाही. काहींना सांगितलं की याच अभ्यासाचा निकाल उलटा आला असता तर तुम्ही त्याला असंच जोखलं असतं का ते स्वतःला विचारा, त्यांचा एका बाजूला झुकणारा कल बराच कमी झाला. म्हणून मी त्याला टोपी बदलणं म्हणतो, वाक्य तेच ठेवायचं, बोलणाऱ्याची टोपी बदलायची.

आपलंच उदाहरण घ्या. सीमावाद सोडवायला नेमलेला महाजन आयोग महाराष्ट्रानं मागितला, 1967 ला अहवाल आला, त्यात बेळगाव कर्नाटकातच राहू दे म्हटलेलं, तर महाराष्ट्रानं तो नाकारला. आमचा पॅनलवाला म्हणतो, अहवालच चुकीचा होता, आम्ही माना डोलावतो. 2004 ला महाराष्ट्र सुप्रीम कोर्टात गेला, तर कर्नाटकाचा म्हणतो राज्याच्या हद्दीचा विषय संसदेचा, कोर्टाचा नाही, की आम्ही ओरडतो, बघा पळाला! आता टोप्या बदला. आयोग त्यांनी मागून त्यांनीच नाकारला असता तर आम्ही काय म्हटलं असतं? ह्या एका प्रश्नाला मला चांगला अर्धा तास लागला, उत्तर आवडलं नाही. माझी बाजू बदलली नाही, खरं त्या दिवशीच्या डिबेटचे मार्क बदलावे लागले.

मोबाईल लांब ठेवा, ग्रुप तर अजिबात उघडू नका. 1984 च्या अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या डिबेटमध्ये 73 वर्षांच्या रेगननी समोरच्या उमेदवाराच्या, माँडेलच्या, कमी वयावरच जोक मारला आणि हॉल हसला. पुढं संशोधकांनी जोक तसाच ठेवून लोकांचं हसणं तेवढं कापून दाखवलं, तर बघणाऱ्यांकडून रेगनना मार्क कमी पडले. आपल्या ग्रुपवरच्या हसणाऱ्या इमोजी म्हणजे दुसरं काय. अगोदर कागद पुरा करा, मग काय ती भांडणं करा.

जमलं तर एकदा टीव्हीकडं पाठ करून नुसतं ऐका. 2003 मध्ये ड्रकमन या संशोधकानं 1960 चं केनेडी-निक्सन डिबेट काहींना दाखवलं आणि काहींना फक्त ऐकवलं, बघणाऱ्यांना केनेडी जिंकले असं जास्त वाटलं. आमच्याकडं तर गळ्यातल्या शालीचा रंग दिसला तरी निम्मा निकाल लागलेला असतो, भगवी म्हणजे मराठी, लाल-पिवळी म्हणजे कन्नड.

आणि एक रकाना आपल्या भागातल्यांनी पाडलाच पाहिजे, "कळलं नाही". कन्नड डिबेट आपण बघतो, बाजारातलं कन्नड येतं, विधानसभेतलं येत नाही, आणि जे डोक्यावरून गेलं ते आपण बिनधास्त "फालतू बोलला" मध्ये टाकतो. दोस्तानं माझ्या पहिल्या कन्नड डिबेटच्या कागदावरच्या "फालतू" च्या सात खुणा एकेक करून मराठीत सांगितल्या. चार ठिकाणी तो माणूस तालुक्याच्या पाण्याबद्दल बोलत होता.